आकडा यंत्राचा, उत्तर माणसाचे
(इमारतींचे विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक अभ्यास)

निवासी शाळेची इमारत इतर इमारतींहून एका बाबतीत वेगळी असते. कचेरीत माणसे जागी असतात, बाजारात ती हिंडती-फिरती असतात; वसतिगृहात मात्र रात्रीच्या प्रहरी आपली मुले-मुली एकाच छताखाली निःशंकपणे झोपलेली असतात. आई-वडील त्यांना शेकडो मैलांवरून तेथे पाठवितात, तेव्हा शिक्षकांवर विश्वास ठेवतातच. पण त्यांच्याही नकळत ते आणखी एका अनोळखी व्यक्तीवर विश्वास ठेवतात. ती व्यक्ती म्हणजे त्या छताचे गणित करून नकाशावर सही करणारा संरचना अभियंता.

हे गणित गेली काही दशके संगणकावर होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे त्यात एक नवा टप्पा आला आहे. संगणकावरील विश्लेषणाचे सॉफ्टवेअर चालविण्याचे कामच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंट'कडे सोपविले जाऊ लागले आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी अभियांत्रिकीकडे वळतात, आणि समाजात ठिकठिकाणी विहारे, वसतिगृहे, वाचनालये उभी राहत आहेत. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांचा न राहता आपल्या सर्वांचा झाला आहे. तो शक्य तितक्या सोप्या रीतीने समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

विश्लेषण म्हणजे काय?

छतावर ठेवलेले प्रत्येक वजन जमिनीपर्यंत पोहोचलेच पाहिजे. ते स्लॅबवरून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून पायात आणि पायातून मातीत उतरते. या वाटेवर कोणत्या अवयवावर किती ताण येतो, तो किती वाकतो आणि तो हे सारे सोसू शकेल काय, हे आधीच काढून ठेवणे म्हणजे संरचनेचे विश्लेषण. त्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे : खाली ढकलणारे सर्व भार आणि वर तोलून धरणाऱ्या आधारांच्या सर्व प्रतिक्रिया यांची बेरीज समान असली पाहिजे. ती समान नसेल तर हिशेब चुकला आहे, असे निःसंशय समजावे.

नियम साधा असला तरी बहुमजली चौकटीचे गणित फार किचकट असते, कारण त्यात अनेक समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. १९३० मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी कागद-पेन्सिलीने टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाण्याची पद्धत मांडली आणि जगभरच्या अभियंत्यांचे ओझे हलके केले. पुढे संगणक आले. १९६० मध्ये रे क्लफ यांनी 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलेली पद्धत रूढ झाली. या पद्धतीत संपूर्ण रचना लहान लहान तुकड्यांत विभागली जाते आणि सर्व तुकड्यांची समीकरणे संगणक एकत्र सोडवितो. आज आपल्याकडील कचेऱ्यांत वापरली जाणारी स्टाड, ईटॅब्स यांसारखी सॉफ्टवेअर याच परंपरेतील आहेत.

प्रत्येक टप्प्यावर आकडेमोडीचे श्रम कमी झाले. एक काम मात्र कोणत्याही टप्प्यावर कमी झाले नाही. ते म्हणजे प्रत्यक्ष इमारतीचे गणिती प्रतिरूप ठरविणे. आधार घट्ट मानावा की फिरता, भिंतींचा केवळ भार धरावा की त्यांचा ताठरपणाही धरावा, मजल्याचा वापर कोण आणि कसा करणार, हे ठरवावे लागते. सॉफ्टवेअर समीकरणे सोडविते. ती समीकरणे आपल्याच इमारतीची आहेत की नाहीत, हे ते सांगू शकत नाही.

एजंट काय करतो?

प्रश्नाला उत्तर देऊन थांबणारी भाषाप्रणाली आणि एजंट यांत फरक आहे. एजंटला उद्दिष्ट दिले जाते आणि काही साधने हाती दिली जातात. तो स्वतःच आज्ञावली लिहितो, सॉफ्टवेअरला आज्ञा देतो, आलेले निकाल वाचतो, त्यांवरून पुढचे पाऊल ठरवितो आणि उद्दिष्ट पूर्ण होईपर्यंत हे चक्र चालू ठेवतो. विश्लेषणाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये आज्ञावलीद्वारे काम करवून घेण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. 'ओपनसीस' हे भूकंप-संशोधनातून आलेले सॉफ्टवेअर तर लिखित आज्ञांवरच चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने भाषाप्रणालींना बाहेरच्या साधनांशी जोडण्याची एक खुली पद्धती प्रसिद्ध केली. अशा पद्धतींमुळे हा जोड अधिक सुकर झाला आहे.

याचे लाभ खरे आहेत. ते नाकारण्यात शहाणपण नाही. भारांच्या अनेक जोडण्या भरणे, शंभर कॉलमांची मापे तपासणे, अहवाल तयार करणे या कंटाळवाण्या कामात माणूस थकतो आणि थकलेला माणूस चुकतो. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने कचेरी चालविणारा अभियंता वेळेअभावी एकच पर्याय तपासत असेल, तर एजंटच्या साहाय्याने तो दहा पर्याय तपासू शकेल. जुन्या इमारतीच्या तपासणीत 'काँक्रीटची ताकद गृहीत धरल्यापेक्षा कमी निघाली तर?' असे प्रश्न पुनःपुन्हा विचारता येतील. ज्या संस्थांना मोठ्या सल्लागारांचे शुल्क परवडत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय ठरू शकते. प्रश्न एवढाच की, या साधनाने दिलेला आकडा केव्हा स्वीकारावा?

एक छोटा पाठ

उदाहरणादाखल वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावरील एक दालन घेऊ. ते ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब आहे. त्याच्या स्लॅबखाली दर ३ मीटरवर, दोन्ही टोकांना साध्या आधारावर टेकलेला ६ मीटर लांबीचा बीम आहे. स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर. काँक्रीटचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले, तर स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३.७५ किलोन्यूटन होते. फरशी आणि गिलाव्यासाठी १.२५ धरू. एकूण स्थिर भार झाला ५ किलोन्यूटन.

आता माणसांचा भार. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात वसतिगृहाच्या शयनदालनासाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार सांगितला आहे. वर्गखोलीसाठी तो ३ आहे. आणि जेथे पक्की आसने नाहीत अशा सभागृहासाठी ५ आहे. आराखड्यावर 'शयनदालन' असे लिहिलेले असेल, तर एजंट २ हा आकडा घेईल, आणि मानकाप्रमाणे ते बरोबरच असेल. एकूण भार होईल ७. एका मधल्या बीमवर दर मीटरला २१ किलोन्यूटन भार येईल आणि त्याला वाकविणारा परिणाम, ज्याला अभियंते बेंडिंग मोमेंट म्हणतात, तो ९४.५ किलोन्यूटन-मीटर येईल. (बीमचे स्वतःचे वजन सोपेपणासाठी सोडले आहे.) मानकाप्रमाणे भाराला १.५ ने गुणून बीमची रचना १४१.७५ साठी केली जाईल.

पण समजा, संस्थेचा विचार असा आहे की, बुद्धपौर्णिमेला आणि आंबेडकर जयंतीला खाटा बाजूला करून तेथेच सभा भरवावी. तेव्हा तो मजला मानकाच्या दृष्टीने सभागृह ठरतो. भार ७ ऐवजी १० होतो, बीमवर दर मीटरला ३० किलोन्यूटन येतात आणि मोमेंट १३५ होतो. हा आकडा १४१.७५ च्या किती जवळ आला ते पाहावे. अनपेक्षित भारासाठी राखून ठेवलेली जवळजवळ सगळी शिल्लक नेहमीच्याच एका कार्यक्रमात खर्ची पडली.

या पाठातील खरी गोष्ट पुढेच आहे. चुकीचे प्रतिरूप चालविल्यावर सॉफ्टवेअर काय सांगेल? दालनाचे क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. ७ ने गुणल्यावर एकूण भार ५०४ किलोन्यूटन. आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीजही ५०४ येईल. समतोल साधलेला असेल, प्रत्येक बीमपुढे 'सुरक्षित' अशी खूण असेल आणि एजंटचा अहवाल शुद्ध भाषेत, तक्त्यांसह तयार असेल. सारे काही जुळलेले दिसेल. ज्या माणसाला दालनाचा उपयोग ठाऊक आहे, त्याने कागदाच्या कोपऱ्यात ७२ गुणिले १० बरोबर ७२० असे लिहिले असेल, तरच ५०४ हा आकडा त्याच्या डोळ्यांना खुपेल. आतील तपासणी आकडेमोडीची चूक पकडते. गृहीतकाची चूक पकडण्यासाठी तपासणी बाहेरूनच यावी लागते.

इतिहासाची साक्ष

हा धोका काल्पनिक नाही. १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या क्रीडागृहाचे सुमारे ९१ मीटर बाय ११० मीटरचे लोखंडी छत बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच बास्केटबॉलचा सामना पाहून सुमारे पाच हजार प्रेक्षक तेथून बाहेर पडले होते. म्हणूनच प्राणहानी टळली. या छताचे विश्लेषण संगणकावर झाले होते. छताच्या वरच्या बाजूच्या सळ्या मध्यभागी आडव्या आधाराने धरलेल्या आहेत, असे गणितात मानले होते. प्रत्यक्षात तो आधार परिणामकारक नव्हता. विशेष म्हणजे, उभारणीच्या वेळीच छत गणितात आलेल्या आकड्याच्या सुमारे दुप्पट वाकलेले मोजले गेले होते. छताने आपली चूक स्वतःच सांगितली होती. परंतु गणितात आणि प्रत्यक्षात असा फरक पडायचाच, असे म्हणून ती बाजूला सारली गेली.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतील स्टावांगर शहराजवळील फियोर्डमध्ये 'स्लाइपनर अ' या समुद्री वायुप्रकल्पाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणी चालू असताना बुडाला. २४ पोकळ कक्षांच्या या रचनेचे विश्लेषण नॅस्ट्रॅन या नामांकित सॉफ्टवेअरवर झाले होते. कक्षांच्या सांध्यातील त्रिकोणी पोकळीजवळ तुकड्यांची विभागणी फार ढोबळ राहिली, त्यामुळे भिंतीला कापू पाहणारे बल ४७ टक्क्यांनी कमी दिसले. शिवाय तेथील सळ्यांची बांधणीही अपुरी होती. दुर्घटनेनंतर अधिक काळजीपूर्वक विश्लेषण केले, तेव्हा ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती सुमारे ६५ मीटरवर फुटली. म्हणजे पद्धत समर्थ होती, संगणकाने समीकरणेही बरोबर सोडविली होती. त्याला दिलेले चित्र तेवढे चुकले होते.

आपल्या शेजारचे उदाहरण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे आहे. केंद्र कच्छमध्ये असूनही २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, खाली केवळ कॉलम. गणितात भिंतींचे फक्त वजन धरले आणि ताठरपणा सोडून दिला, तर सर्व मजले सारखेच लवचिक दिसतात. प्रत्यक्षात मात्र वरचा भाग खोक्यासारखा ताठ राहतो आणि सगळे हेलकावे तळमजल्याच्या कॉलमांच्या वाट्याला येतात. आजही एखाद्या एजंटला 'चौकटीचे विश्लेषण कर' एवढेच सांगितले, तर तो अशीच उघडी चौकट उभी करण्याचा संभव आहे.

नव्या साधनाचा नवा धोका

या तिन्ही घटना एजंट येण्यापूर्वीच्या आहेत. चूक माणसेच करीत होती. मग नवे काय? तीन गोष्टी नव्या आहेत.

पहिली, उद्दिष्टाची ओढ. प्रतिरूपात एखादा भाग अस्थिर असला की सॉफ्टवेअर इशारा देते किंवा थांबते. अनुभवी अभियंता तेथे थबकतो आणि प्रत्यक्षात तो भाग कशाने धरला आहे, हे विचारतो. 'विश्लेषण पूर्ण कर' असे उद्दिष्ट दिलेला एजंट मात्र तेथे एक आधार जोडून पुढे जाऊ शकतो. गणित सुटते, तो आधार इमारतीत कोठेच नसतो. 'सर्व अवयव सुरक्षित दाखव' असे सांगणे तर त्याहून घातक, कारण त्या वाटेत भार कमी करणे हेही एक पाऊल ठरते.

दुसरी, भाषेचा रुबाब. पूर्वी आकड्यांचे भेंडोळे समोर येई आणि ते वाचताना शंका येई. आता निष्कर्ष सुबक परिच्छेदांत येतो. चुकीचे आणि बरोबर उत्तर सारख्याच आत्मविश्वासाने लिहिलेले असते.

तिसरी, कामाचा वेग. दिवसभर प्रतिरूप रचताना अभियंत्याच्या मनात इमारत आकार घेत असे. ते काम काही मिनिटांत दुसऱ्याने केले, तर वेळ वाचतो. पण इमारत मनात उतरत नाही. आणि जी मनात उतरली नाही, तिची चूक डोळ्यांना दिसत नाही.

एका एजंटचे काम दुसऱ्या एजंटकडून तपासून घ्यावे, असा उपाय सुचविला जातो. तो उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. दोघेही तोच आराखडा वाचत असतील, तर दोघेही 'शयनदालन' हाच शब्द वाचतील.

पाच नियम

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना दिलेला उपदेश आपल्या शाळेतील मुलांना लहानपणापासून ठाऊक असतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय वाटतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. स्वतः पारखून, ती हिताची आहे असे जाणून मग स्वीकारावी, असा त्याचा आशय आहे. यंत्राच्या शब्दालाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्या दृष्टीने पुढील पाच नियम अभियंत्यांनी आणि संस्थाचालकांनीही ध्यानात ठेवावेत.

१. सॉफ्टवेअर चालविण्यापूर्वी एजंटने सर्व गृहीतके साध्या भाषेत लिहून द्यावीत : आधार, भार, वापर, काँक्रीट व सळ्यांची प्रत, मोजमापांची एकके. ती अभियंत्याने आणि वापराविषयी संस्थेने वाचून मान्य करावीत.

२. उत्तर पाहण्यापूर्वी अभियंत्याने हाताने तीन आकडे काढून ठेवावेत : इमारतीचा एकूण भार, एका मुख्य बीमचा मोमेंट आणि त्याचे अंदाजे वाकणे. उत्तर पाहिल्यानंतर केलेला हिशेब नकळत त्या उत्तराकडे झुकतो.

३. आधार, भार किंवा अवयवांची मापे यांत एजंटने परवानगीशिवाय बदल करू नये, आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

४. सॉफ्टवेअरचा प्रत्येक इशारा माणसाने वाचावा. इशारा नाहीसा झाला, तर तो कशामुळे नाहीसा झाला हेही विचारावे.

५. बांधकामावर प्रत्यक्ष जावे. सेंटरिंगमध्ये सळ्या नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत का, काँक्रीटचे ठोकळे तपासणीत किती ताकद देतात, हे कोणत्याही प्रतिरूपात दिसत नाही. हार्टफर्डच्या छतासारखी इमारत बोलत असेल, तर तिचे ऐकावे.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना

अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना काही वेळा वाटते की, सारे काही यंत्रच करणार असेल, तर हाताने बीम सोडविण्याचा सराव कशाला? वरील पाठात ७२० हा आकडा कोणी लिहिला, याचा त्यांनी विचार करावा. गुणाकार कठीण नव्हता. तो कोठे करायचा, हे कळणे महत्त्वाचे होते. ते कळण्यासाठी समतोल, भारांची वाट आणि अवयवांचे वर्तन अंगी मुरावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम करताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या जलयोजनांना दिशा दिली. तंत्रज्ञान हे लोकहिताचे साधन आहे आणि ते समजून घेऊनच हाताळावे लागते, हा धडा त्यातून घेता येतो. ज्या घरांत पहिल्यांदाच अभियंता घडत आहे, तेथील मुलांनी नवी साधने अवश्य आत्मसात करावीत. मात्र त्या साधनांना प्रश्न विचारण्याची पात्रताही मिळवावी.

पालकांनी आणि विश्वस्तांनी नव्या बांधकामाच्या वेळी तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. हा मजला कोणत्या वापरासाठी धरला आहे? हिशेब दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासला आहे काय? आणि सही कोणाची आहे? मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींसाठी संरचनेच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यावर नोंदणीकृत संरचना अभियंत्याचे नाव असते, सॉफ्टवेअरचे नव्हे. कारण छत खचले तर सॉफ्टवेअरला बोलावून जाब विचारता येत नाही.

प्रज्ञा, शील आणि करुणा ही आपल्या शिक्षणाची त्रयी आहे. भार कोठून कोठे जातो हे जाणणे ही प्रज्ञा. न तपासलेल्या आकड्याखाली सही न करणे हे शील. आणि तो आकडा तपासताना, त्या छताखाली झोपणारी मुले कोणाची तरी लेकरे आहेत, याचे भान राखणे ही करुणा. एजंट वेगाने मोजू शकतो; ही तिन्ही कर्तव्ये सही करणाऱ्या माणसाकडेच राहतात आणि तशीच ती राहिली पाहिजेत.